क्लचची गाडी आधी की ऑटोमॅटिक? मुंबईत हेवी शिकताना

हेवी गाडीवर येणारा प्रत्येक नवा मुलगा हल्ली हाच प्रश्न घेऊन येतो. क्लचची गाडी शिकू, की सरळ ऑटोमॅटिकवर बसू? कळंबोलीला ट्रेलर लावून चहा प्यायला उतरलं की यावरून रोज वाद ऐकायला मिळतो. जुनी माणसं म्हणतात, क्लच नाही ती गाडी चालवणारा ड्रायव्हर कसला. पोरं म्हणतात, काका, गुडघा बांधून फिरता त्याचं काय? मी दोन्हींवर शिकलो आणि दोन्हींवर धंदा केला, अजूनही करतो. मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं आणि थोडं अजिबात पटत नाही. म्हणून शिकलो कसं, ते क्रमाने लिहितो. यात कुणाला उपयोगाचं काही सापडलं तर मला खरंच आनंद होईल, कारण मी शिकत होतो तेव्हा असं सांगणारं मामाखेरीज कुणी नव्हतं.

मी मानखुर्दचा. आधी छोटा हत्ती, मग शेठचा मोठा टेम्पो. तुर्भ्याच्या मार्केटातून भाजी भरायची आणि पहाटे दादर-परळकडे टाकायची, हे काम. त्याला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालायचं. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं, की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्हीवर चालवता येते. त्याच्यावरच्या गाडीला मात्र ट्रान्सपोर्टचं वेगळं लायसन्स लागतं. वय २० पूर्ण हवं आणि एलएमव्ही किमान एक वर्ष जुनं हवं. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ साली निघाली. आमच्या वस्तीतल्या किती जणांचा रस्ता त्या एका अटीपाशी अडला होता, ते मी पाहिलं आहे.

कागदांचं फार लांबवत नाही. 'सारथी' या सरकारी वेबसाइटवर लर्निंगचा अर्ज, डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए, मोटार स्कूलचं फॉर्म ५ चं सर्टिफिकेट, लर्निंग हातात आल्यावर ३० दिवस थांबायचं आणि मग वडाळा आरटीओची टेस्ट. लायसन्स पाच वर्षांचं मिळतं. एवढंच.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्या कायद्यात मोटारसायकलचे दोन वर्ग आहेत, गिअरची आणि बिनगिअरची. ट्रकचे तसे नाहीत. क्लचच्या गाडीवर टेस्ट दिली काय आणि ऑटोमॅटिकवर दिली काय, हेवीचं लायसन्स एकच. अमेरिकेत असं नाही. तिकडे ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली तर व्यावसायिक लायसन्सवर 'ई' असा शिक्का पडतो आणि क्लचचा ट्रक चालवायला पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे माणूस कशावर शिकला ते लायसन्स बघून कळतच नाही. मालक चावी देतो आणि ड्रायव्हर घेतो. पुढे घाटात काय ते कळतं, आणि ते घाटात कळू नये असं मला मनापासून वाटतं.

मोटार स्कूलची गाडी जुनी, सहा गिअरची होती. हौद्यात काडीसुद्धा नाही, पूर्ण खाली. पहाटे उस्ताद शिवडी-वडाळ्याच्या बंदराकडच्या रस्त्यांवर न्यायचे, कारण तिथे रस्ता रुंद आणि त्या वेळी वर्दळ कमी. उस्ताद शिकवायचे चांगलं. गिअरच्या दांडीकडे बघायचं नाही, समोर आणि आरशात बघायचं. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा. गाडी उचलायला पहिला टाकायची गरज नाही, खाली गाडी दुसऱ्यावर आरामात निघते. पाय क्लचवर ठेवून चालवायचं नाही, काम झालं की पाय खाली. टेम्पोवरून आलेल्या माणसाला हे जमायला फार वेळ लागत नाही. लांबी, वळण आणि मागचं चाक कुठून जातं याचा अंदाज यायला जास्त वेळ लागतो.

पण खाली गाडीवर शिकण्याची मर्यादा मला तेव्हाच टोचत होती. रिकामा ट्रक सगळं सहन करतो. गिअर उशिरा टाकला तरी चालतो, चुकीचा टाकला तरी थोडा थरथरून निघतो. चढ म्हणजे एखादा पूल. अशा गाडीवर तयार झालेला माणूस टेस्ट पास होतो आणि दुसऱ्या दिवशी कायद्याने ५५ टनांच्या ट्रेलरवर बसू शकतो. केंद्राने २०२१ मध्ये अधिकृत प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम केले, त्यात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. तो मन लावून शिकवला तर भक्कम आहे. गल्लीतल्या मोटार स्कूलात मात्र मी भरलेली गाडी एकदाही पाहिली नाही.

भरलेली गाडी मला मामाने दाखवली. माझा सख्खा मामा, न्हावा-शेवा ते नाशिक कंटेनर ओढायचा. जाताना अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा माल, येताना हंगामाप्रमाणे कांदा नाहीतर द्राक्षं. लायसन्स झाल्यावर मी टेम्पो सोडला आणि त्याच्याबरोबर क्लिनर म्हणून चढलो. घरचे नाराज झाले. हातचा पगार टाकून क्लिनरकी कशाला? मला वाटतं हेवीवर येणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. पैसे कमी मिळतात, पण भरलेल्या गाडीशेजारी बसून जे कळतं ते मोटार स्कूलच्या फीत मिळत नाही.

मामाच्या ट्रेलरला नऊ गिअर होते. एक क्रॉलर, म्हणजे सगळ्यात हळू गिअर, मग एक ते चार, मग पाच ते आठ. एकच दांडी आणि तिच्या मुठीला अंगठ्याएवढा खटका. खटका खाली असला की लहान गिअर, वर केला की त्याच जागी मोठे. चौथ्यावरून पाचव्यावर जायचं तर गिअर काढण्याआधी खटका वर करून ठेवायचा आणि दांडी न्यूट्रलमधून जाताना क्षणभर थांबायचं. तेवढ्यात आतून हवेचा 'फस्स' असा बारीक आवाज येतो. तो आला की पुढे टाकायचं. मामा म्हणायचा, "हाताने नको टाकूस, कानाने टाक." गाडी अंगाखाली आली तेव्हा त्याचं म्हणणं कळलं. इंजिनचा आवाज खाली बसायला लागला की काट्याकडे बघायची गरजच उरत नाही.

भरलेली गाडी चढावर पहिल्यांदा उचलली ती मुंब्रा बायपासला. हा रस्ता ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. शिळफाट्याकडून वर चढताना पुढे रांग लागली की चढावरच उभं राहावं लागतं. मागे दुचाकीवाले टेकून उभे, रिक्षावाला हॉर्न वाजवत. मामाने रीत घालून दिली होती. हँडब्रेक ओढलेला, क्रॉलर टाकलेला, क्लच अगदी सावकाश सोडायचा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, केबिन पुढून बोटभर उचलल्यासारखी होते आणि पायाखालची पाटी थरथरते. तिथे पाय धरायचा, हँडब्रेक सोडायचा, मग डिझेल द्यायचं. उलटं केलं, म्हणजे आधी हँडब्रेक सोडला, तर गाडी मागे सरकते. आणि पाय तिथेच जास्त वेळ धरला तर क्लच प्लेट जळते. जळक्या प्लेटचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. कळंबोलीच्या गॅरेजमध्ये मी अशी उतरवलेली प्लेट हातात घेऊन पाहिली आहे. लायनिंग काचेसारखं गुळगुळीत, कडेला निळसर, रिव्हेट वर आलेले. नवी बसवायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गाडी दिवसभर उभी, शेठचा फोन चालू.

चढताना दुसरी गोष्ट वेगाची. भरलेली गाडी चढावर गिअर बदलताना जो क्षण इंजिनपासून सुटते, तेवढ्यात तिचा दम जातो. हात रेंगाळला की वरचा गिअर घेतच नाही, मग परत खालचा, मग त्याच्याही खालचा, शेवटी गाडी उभी. म्हणून चढ दिसायच्या आधीच ठरवायचं, हा चढ मी कितव्यावर काढणार. वर जाताना हात घाईचा नको, पण आधीच ठरलेला हवा.

आणि मग उतार. इगतपुरीहून कसाऱ्याकडे कांद्याचा कंटेनर घेऊन उतरायचं. घाट सुरू व्हायच्या आधीच मामा वेग कमी करायचा, चौथा टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावायचा आणि खालपर्यंत त्यावरच राहायचा. आरपीएम चढे, इंजिन ओरडे, मागचे हॉर्न देत. तो ढळायचा नाही. पायाचा ब्रेक लागलाच तर एकदा नीट दाबून वेग खाली आणायचा आणि सोडायचा. सतत टेकवून ठेवायचा नाही.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आजही आहेत. हे लिहिताना मला राग येतो, कारण त्यातून माणसं मेली आहेत. इंजिन सुटलं की सगळं वजन ब्रेकच्या ड्रमवर येतं. ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात, पुन्हा पुन्हा दाबून टाकीतली हवाही उतरते. त्या वेगात परत गिअर टाकायला गेलं तर पडत नाही, कारण चाकांचा वेग आणि इंजिनचा वेग जुळत नाही. मग पेपरात 'ब्रेक फेल' छापून येतं. ब्रेक त्या वेळी फेल झालेले दिसतात, पण सुरुवात दोन वळणं आधी न्यूट्रल केलं तिथे झालेली असते. खोपोलीच्या उतारावर 'न्यूट्रलमध्ये गाडी चालवू नका' असं वाहतूक पोलीस सांगत राहतात ते उगाच नाही.

इतकं क्लचच्या गाडीबद्दल. मामाच्या हाताखाली तयार झालो, मग एका ट्रान्सपोर्टमध्ये स्वतंत्र गाडी मिळाली. तीही क्लचचीच. काही काळाने तिथल्या शेठनी नवे ट्रेलर काढले, ऑटोमॅटिक. शेठचा हिशेब सरळ होता. नवी पोरं क्लचच्या गाडीवर टिकत नाहीत, प्लेटांचा खर्च थांबत नाही आणि दर ड्रायव्हरचं अ‍ॅव्हरेज वेगळं येतं.

गाडी द्यायला आलेल्या माणसाने यार्डात अर्धा तास फिरवून दाखवली. नॉब 'ए'वर, म्हणजे ऑटोमॅटिकवर फिरवा, ब्रेक सोडा, डिझेल द्या, बाकी गाडी बघते. झालं ट्रेनिंग. चढाबद्दल शब्द नाही, घाटाबद्दल शब्द नाही, माल लावायला मागे घेताना काय होतं त्याबद्दल शब्द नाही. आम्ही जुने होतो म्हणून निभावलं. आमच्याबरोबर त्याच दिवशी चावी घेतलेले दोघे नवे होते, त्यांची मला तेव्हाही काळजी वाटली होती.

गाडीचं मॅन्युअल आणि वर्कशॉपच्या फोरमनला विचारून जे कळलं ते असं. ट्रकची ही ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. आतला गिअरबॉक्स दातऱ्यांचाच, क्लच प्लेटही तशीच कोरडी. फरक इतकाच, की क्लच दाबायला आणि गिअर टाकायला हवेवर चालणारे दट्टे असतात आणि केव्हा टाकायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. डिझेलचा पाय किती दाबलाय, आरपीएम किती, वजन किती, चढ किती, हे बघून. अग्निशमनच्या गाड्यांत, काही बसमध्ये आणि खाणीतल्या डंपरात असते ती टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक वेगळी. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, त्यामुळे चढावर डिझेलवर तोलून धरली तरी प्लेट झिजण्याचा प्रश्न नाही, फक्त तेल तापतं. ती महाग पडते. एएमटीत पेडल गेलं, क्लच नाही गेला. नव्या ड्रायव्हरला हे एक वाक्य चावी देताना सांगितलं तरी निम्मं नुकसान टळेल.

कारण नवा मुलगा काय करतो? मुंब्रा बायपासला रांगेत थांबला की ब्रेकऐवजी डिझेलच्या पायावर गाडी तोलून धरतो. पुढची गाडी वीतभर सरकली की हाही वीतभर सरकतो. आत प्लेट घासत असते, पण पायाला काही जाणवत नाही, कारण पायाखाली पेडलच नाही. क्लचच्या गाडीत निदान मांडी भरून यायची. एएमटीत डॅशबोर्डवर क्लच तापल्याचा इशारा येतो, तोवर उशीर झालेला असतो. योग्य रीत अशी, की पुढे गाडीभर जागा होऊ द्यायची, तोवर ब्रेकवर थांबायचं, मग एकदम निघायचं. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर ते काही क्षण गाडी धरून ठेवतं, तेवढ्यात डिझेल द्यायचं. मागचे हॉर्न मारतील, मारू द्यावेत.

घाट चढताना एएमटी पुढचा रस्ता बघत नाही. ती आत्ताचा चढ मोजते. वळणाच्या आधी थोडी सपाटी आली की ती खूश होऊन वरचा गिअर टाकते आणि वळण घेताच चढ लागला की धापा टाकत दोन गिअर खाली येते. माणसाला वळणापलीकडचा चढ ठाऊक असतो, तिला नसतो. अशा जागी नॉब 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर करून आपण निवडलेला गिअर धरून ठेवायचा. कसाऱ्यात मी तेच करतो.

उतरताना तर 'एम' हवाच, किंवा एक्झॉस्ट ब्रेक आधीच लावलेला हवा. आमच्या गाडीत 'ए'वर नुसता पाय काढून उतार घेतला तर आरपीएम वाढली की ती वरचा गिअर टाकू बघायची, म्हणजे जे नको तेच. एक्झॉस्ट ब्रेक लावला की मात्र गिअर खाली आणून आरपीएम चढी ठेवते, आणि चढ्या आरपीएमलाच तो ब्रेक नीट धरतो. हिरवा पट्टा ओढायला, त्याच्यावरचा रोखायला. हे मामाने शिकवलं होतं म्हणून मला नव्या गाडीत दिसलं. ज्याने चौथ्यावर घाट उतरलाच नाही, त्याला 'एम'चं बटण कशासाठी दिलंय हे कसं सुचणार?

मागे घेताना एक वेगळीच पंचाईत. भिवंडीच्या गोदामांत जागा कमी असते. शेवटच्या हातभर अंतरात क्लचच्या गाडीत पायाने गाडी इंचाइंचाने सरकवता येते. एएमटीत डिझेलचा पाय हलका ठेवला तर ती घेत नाही, किंचित जास्त झाला तर एकदम उसळते. यावर उपाय म्हणजे रिव्हर्सचा सगळ्यात हळू गिअर निवडायचा, डिझेल जवळजवळ द्यायचंच नाही आणि उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवायचा. रिकाम्या यार्डात ड्रम लावून हे करून बघावं. आणि सकाळी गाडी चालू केल्यावर हवा पूर्ण भरेपर्यंत थांबावंच. ब्रेकला तर हवा लागतेच, एएमटीत गिअरलाही लागते.

आता तिची बाजूही सांगायला हवी, आणि ती मी मनापासून सांगतो. न्हावा-शेव्याच्या गेटवरची रांग, गायमुखचा जाम, तळोज्याचे खड्डे, यांत दिवस काढून क्लचच्या गाडीतून उतरलं की डावा गुडघा वाकायला तयार नसायचा. मामाचा गुडघा कायमचा गेला आहे, जिना चढताना कठडा धरतो. ऑटोमॅटिकवर आल्यापासून माझं हे दुखणं थांबलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लक्ष मोकळं होतं. डाव्या बाजूने घुसणारी स्कूटी, आरशाच्या आंधळ्या जागेत आलेला माणूस, हे आधी दिसायला लागतं. मुंबईसारख्या शहरात याचं मोल फार आहे. अ‍ॅव्हरेजही सगळ्यांचं जवळपास सारखं येतं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, तिचंही मी असंच स्वागत करतो. ड्रायव्हरला आराम मिळाला की तो आळशी होतो, असं म्हणणाऱ्याने मे महिन्यात उरण फाट्यावर दुपार काढावी.

तोट्यात आणखी एक. रस्त्यात काही झालं तर ढाब्यावरचा मिस्त्री क्लचच्या गाडीला हात लावतो, एएमटीचा सेन्सर गेला की कंपनीच्या व्हॅनची वाट बघायची. बॅटरी बसली तर ढकलून चालू होत नाही. मालकांना हे सोसतं, कारण प्लेटांचा खर्च वाचतो. एकट्या गाडीच्या मालकाने मात्र नीट विचार करावा.

९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात इलेक्ट्रिक बसचा तो भीषण अपघात झाला. क्लचच्या गाड्या चालवत आलेल्या माणसाला बिनक्लचची बस देताना किती दिवस शिकवलं, हा प्रश्न त्या आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडी होता. मी त्या रस्त्याने टेम्पो नेलेला आहे, मला अनेक दिवस झोप लागत नव्हती. ऑटोमॅटिक सोपी आहे हा समज सगळ्यात घातक. पायांचं काम सोपं झालं आहे. वजन तेवढंच आहे आणि थांबायला लागणारं अंतरही तेवढंच.

मग नव्या मुलाने काय करावं? आज मुंबईत काम शोधणाऱ्याला माझं उत्तर क्लचची गाडी आधी, तीही भरलेली. एक तर बहुतेक मालकांकडे अजून त्याच गाड्या आहेत, आणि एएमटीशिवाय दुसरं काही येत नसेल तर निम्मी दारं बंद. दुसरं म्हणजे चढ-उताराच्या आधी गिअर ठरवायची सवय क्लचच्या गाडीत लागतेच, न लागून चालत नाही. पण ही सवय फक्त तिथेच लागते, असं मी आता म्हणत नाही. माझं मत बदललं ते शेजारच्या एका मुलामुळे.

हा मुलगा थेट एएमटीवर आला. आरसे उत्तम बघतो, रांगेत शांत, कट मारत नाही. घाटात मात्र सगळं गाडीवर सोडून बसायचा. त्याला शेजारी बसवून मी एकच गोष्ट करायला लावली. कसारा सुरू व्हायच्या आधी 'एम'वर घ्यायचं आणि प्रत्येक वळणाआधी मोठ्याने सांगायचं, पुढे कितवा लागणार आणि का. "सहावा, पुढे चढ वाढतोय." "चौथा, एक्झॉस्ट लावतोय, पुलापाशी वळण आहे." सुरुवातीला अंदाज चुकायचा, आकडा सांगायला उशीर व्हायचा. हळूहळू वळणाच्या बरंच आधी आकडा यायला लागला, आणि तो बरोबर असायचा. त्याने आयुष्यात क्लच दाबलेला नाही, तरी भरलेला कंटेनर घाटातून तो आज नीट उतरवतो. टपरीवरच्या जुन्या मंडळींना हे सांगितलं तर पटत नाही. मी तर शेजारी बसून पाहिलं आहे.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे काही गाड्या आता बोगद्यातून जातात आणि घाट टळतो. टोल वाचवणारे शेठ अजून घाटच धरतात. आमच्या शेठना मी सांगून ठेवलं आहे: नवा ड्रायव्हर आला की पहिल्या भरलेल्या फेऱ्यांना जुना माणूस शेजारी द्या, आणि त्या फेऱ्या कसाऱ्यातूनच करा. जुन्या माणसाचा भत्ता कोण देणार यावर थोडं अडलं होतं. सध्या अर्धा शेठ देतात आणि पुढच्या महिन्यापासून पूर्ण देतो म्हणाले आहेत. पुढच्या आठवड्यात दोन पोरं यायची आहेत, एक टेम्पोवरचा आणि एक अगदी कोरा. कोऱ्याला मी माझ्या गाडीवर मागून घेतलं आहे.